पहिली एन्ट्री पाठवताना: ज्युरीसमोर चित्र कसं पोहोचतं

ज्युरी (चित्रं निवडणारे परीक्षक) असलेल्या प्रदर्शनासाठी मी पहिल्यांदा चित्र पाठवलं, तेव्हा त्याचा फोटो रात्री खोलीतल्या दिव्याखाली, मोबाइल हातात धरून काढला होता. चित्रात पहाटेचा निळा-राखाडी उजेड होता. फोटोत तो पिवळट, मातकट झाला आणि कॅनव्हासची डावी कड उजवीपेक्षा लांब दिसू लागली. निवड झाली नाही. पुढे काही वर्षांनी एका लहान प्रदर्शनाच्या निवड समितीत बसायची वेळ आली. पडद्यावर एकामागून एक प्रवेशिका सरकत होत्या, एकेकीला जेमतेम काही सेकंद मिळत होते. तेव्हा कळलं, की माझं ते चित्र कुणी पाहिलंच नव्हतं. सगळ्यांनी पाहिला होता तो माझा फोटो.

पहिल्यांदाच स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी ही सगळी वाट इथे क्रमाने सांगते आहे. फोटोच्या भागावर मुद्दाम जास्त रेंगाळणार आहे, कारण चांगली चित्रं तिथेच गळताना मी सर्वांत जास्त पाहिली आहेत.

आधी प्रदर्शन कसलं आहे ते ओळखा

जाहिरात दिसली, की पहिला प्रश्न हा: निवड कोण करणार? काही प्रदर्शनांत बाहेरचे परीक्षक आलेल्या एन्ट्रींमधून कामं निवडतात. काही स्पर्धांत मोजक्यांना बक्षीस असतं आणि बाकीच्यांची कामं लागतही नाहीत. काही ठिकाणी शुल्क भरलं, की भिंत मिळते. तिन्ही ठिकाणी जायला हरकत नाही, पण आपण नेमकं कुठे चाललोय ते ठाऊक हवं.

‘सर्वांना खुलं’ या शब्दांवर मात्र फार विसंबू नका. न्यूयॉर्कमधल्या सोसायटी ऑफ इंडिपेंडंट आर्टिस्ट्सचं १९१७ चं प्रदर्शन ज्युरी नाही, बक्षीस नाही, अशा घोषणेने भरलं होतं. शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाचं काम लागणार होतं. तरी फ्रेंच कलाकार मार्सेल द्युशाँने ‘आर. मट’ या नावाने पाठवलेलं ‘फाउंटन’, म्हणजे पोर्सेलिनचं मुतारीचं भांडं, संचालक मंडळाने मतदान घेऊन बाहेर ठेवलं. निवड कुठे ना कुठे होतेच. ती कोण करतं, एवढं आधी शोधून काढायचं.

परीक्षकांची नावं जाहीर झाली असतील तर एक संध्याकाळ त्यांना द्या. त्यांचं स्वतःचं काम पाहा, त्यांनी पूर्वी काय निवडलं ते पाहा. त्यांच्या आवडीचं चित्र काढायला बसायचं, असा याचा अर्थ नाही, आणि तसं काढलेलं चित्र ओळखूही येतं. पण तुमच्याकडे दहा चित्रं तयार असतील, तर त्यातली कोणती तीन पाठवायची हे यातून ठरतं. मागच्या दोन-तीन वर्षांचे कॅटलॉग मिळाले तर आणखी चांगलं. तिथे सगळी वास्तववादी निसर्गचित्रं असतील आणि तुम्ही शिवलेल्या कापडावर काम करत असाल, तर ते शुल्क दुसरीकडे भरा.

शुल्काबद्दल मोकळेपणाने बोलायला हवं. प्रवेश शुल्क असणं हा गुन्हा नाही. जागा, परीक्षकांचं मानधन, कॅटलॉग यांना पैसे लागतात. मात्र काही खुणा दिसल्या तर मी मागे फिरते. तुमच्या चित्राची भरभरून स्तुती करणारा मेल येतो, पण त्यात चित्राचं नाव कुठेच नसतं. निवड झाल्यावर भिंतीचं भाडं, कॅटलॉगमधलं पान, प्रमाणपत्र असे नवे खर्च एकेक करून बाहेर येतात. परीक्षक कोण, मागचं प्रदर्शन कुठे झालं, याचा पत्ता लागत नाही. अशा ठिकाणी कमाई प्रेक्षकांकडून किंवा विक्रीतून होत नाही, ती कलाकारांकडूनच होते. मी वर्षाच्या सुरुवातीला शुल्कासाठी एक रक्कम बाजूला काढते आणि ती संपली की थांबते. चित्र पाठवण्या-आणण्याचा खर्चही त्यातच धरा. बऱ्याचदा तो शुल्कापेक्षा जास्त निघतो.

सुरुवात कुठून करायची, असं विचारलं तर: एखाद्या माध्यमाच्या संस्थेचं प्रदर्शन (जलरंग, पेस्टल, मुद्राचित्रण), एखाद्या विषयावरचं समूह-प्रदर्शन, किंवा नावं झाकून परीक्षण होणारी स्पर्धा. ब्रिटनमधलं जॉन मूर्स पेंटिंग प्राइझ १९५७ पासून चालू आहे आणि तिथे परीक्षकांसमोर नाव न ठेवता चित्रं जातात. अशा ठिकाणी नवखेपणा आड येत नाही. मोठ्या नावाचीही भीती बाळगायला नको. लंडनच्या रॉयल ॲकॅडमीचं समर एक्झिबिशन १७६९ पासून दर वर्षी भरतंय आणि त्यात कुणीही एन्ट्री पाठवू शकतं. तिथेही पहिली चाळणी डिजिटल फोटोंवरच होते.

नियमपत्रक दोनदा वाचा, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन

हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच अनेक जण ते टाळतात. शोधायच्या गोष्टी अशा: माप फ्रेमसह धरायचं की फ्रेमशिवाय, काम किती वर्षांच्या आतलं हवं, वर्गात किंवा कार्यशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली केलेलं चालतं का, दोन फळ्यांचं चित्र एक एन्ट्री धरतात की दोन, विक्रीवर कमिशन किती, विमा कुणाचा.

माध्यमाची किंवा चित्रप्रकाराची व्याख्या हा किरकोळ मुद्दा वाटतो. पण रंगवलेल्या व्यक्तिचित्रांसाठी असलेल्या ऑस्ट्रेलियातल्या आर्चिबाल्ड प्राइझमध्ये यावरून कोर्टकज्जे झाले आहेत. विल्यम डोबेलने केलेल्या जोशुआ स्मिथच्या व्यक्तिचित्राला १९४३ चं पारितोषिक मिळालं, तेव्हा हे व्यक्तिचित्र नसून व्यंगचित्र आहे असा दावा दोन चित्रकारांनी दाखल केला. तो टिकला नाही. पुढे २००४ मध्ये क्रेग रडीचं चित्र जिंकलं आणि त्यात कोळशाचा भरपूर वापर असल्याने ते पेंटिंग आहे की ड्रॉइंग, हा वाद न्यायालयात गेला. २००६ मध्ये तोही दावा फेटाळला गेला. तुमचं काम दोन माध्यमांच्या सीमेवर असेल, तर पाठवण्याआधी आयोजकांना एका ओळीचा मेल टाका आणि उत्तर जपून ठेवा.

दुसरा मुद्दा मूळ कल्पनेचा. फोटो पाहून चित्र काढत असाल, तर तो फोटो कुणाचा? २०२२ मध्ये लक्झेंबर्गमधल्या एका द्वैवार्षिक प्रदर्शनात एका तरुण चित्रकाराच्या चित्राला बक्षीस मिळालं. ते आपल्या छायाचित्रावरून उचललं आहे, असं छायाचित्रकार जिंगना झँग यांनी दाखवून दिलं. खालच्या न्यायालयात त्या हरल्या, पण मे २०२४ मध्ये अपिलात निकाल त्यांच्या बाजूने लागला. इंटरनेटवर सापडलेला फोटो उलटा फिरवला किंवा रंग बदलले म्हणून तो आपला होत नाही. स्वतः फोटो काढा, स्वतः रेखाटनं करा, किंवा लेखी परवानगी घ्या.

एआयबद्दलचा नियम तर आता जवळपास प्रत्येक ठिकाणी वेगळा सापडतो. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन यांनी सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समधल्या एका विभागाचं बक्षीस नाकारलं आणि आपली प्रतिमा एआयने बनवलेली आहे, असं जाहीर केलं. त्यानंतर या प्रश्नाला बगल देणं आयोजकांना अवघड झालं. चित्राची रचना ठरवतानासुद्धा एआय वापरलं असेल आणि फॉर्मवर तसा प्रश्न असेल, तर खरं लिहा.

शेवटी हक्कांचं कलम पाहा. प्रदर्शनाच्या प्रसिद्धीसाठी आणि कॅटलॉगसाठी चित्राची प्रतिमा वापरायची परवानगी मागणं रास्त आहे. ‘सर्व हक्क कायमचे आयोजकांकडे’ असं वाक्य दिसलं, तर एन्ट्री पाठवू नका.

फोटो

चित्रावर काच असेल तर काढा. व्हार्निश करायचं बाकी असेल तर आधी फोटो काढा, मग व्हार्निश करा. चकाकीशी झगडण्यात अर्धा दिवस जातो.

उजेड सगळ्यात महत्त्वाचा. साधनं नसतील तर ढगाळ दिवशी बाहेर, किंवा उन्हाच्या दिवशी मोकळ्या जागेतल्या एकसारख्या सावलीत काढा. झाडाखाली नको, पानांचा हिरवा रंग चित्रावर उतरतो. घरात काढायचं तर एकाच प्रकारचे दोन दिवे घ्या आणि चित्राच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांच्या कोनात, दोन्ही सारख्या अंतरावर ठेवा. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा, पडदे ओढा. खिडकीतला दिवसाचा उजेड आणि घरातला पिवळा दिवा एकत्र आले, की चित्राची एक बाजू निळी आणि दुसरी नारिंगी होते, आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. उजेड सगळीकडे सारखा पडतोय का ते पाहायला चित्राच्या जागी कोरा पांढरा कागद ठेवून एक फोटो घ्या. एक कोपरा काळवंडलेला दिसला, तर दिवे थोडे मागे न्या.

आता कॅमेरा. तो चित्राच्या बरोबर मध्यासमोर हवा आणि चित्राला समांतर हवा. चित्र इझलवर मागे कललेलं असेल, तर कॅमेराही तितकाच कलता ठेवायचा. समांतर आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवणं कठीण. त्यासाठी एक साधी युक्ती मला फार उपयोगी पडली आहे: लहानसा सपाट आरसा चित्राच्या मध्यावर, पृष्ठभागाला टेकून धरायला सांगा. त्यात कॅमेऱ्याच्या लेन्सचं प्रतिबिंब अगदी मधोमध दिसलं, की कॅमेरा सरळ आहे. मग आरसा काढून घ्या. ओल्या किंवा नाजूक पृष्ठभागावर अर्थातच आरसा टेकवायचा नाही.

फार जवळून काढू नका. मोबाइलची नेहमीची लेन्स रुंद असते आणि जवळून कॅनव्हासच्या कडा फुगलेल्या दिसतात. दोन-तीन पावलं मागे जा आणि मोबाइलला दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. ट्रायपॉड हवाच, नसेल तर पुस्तकांची चळत. टायमर लावा म्हणजे बोटाचा धक्का बसत नाही. कॅमेऱ्यावर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार) एफ ८ च्या आसपास.

जलरंगवाल्यांसाठी खास सूचना. कॅमेरा समोरचं सगळं सरासरी राखाडी मानून चालतो. त्यामुळे भरपूर पांढरा कागद असलेलं चित्र मळकट, करडं येतं आणि गडद चित्र उगाच फिकट येतं. पांढऱ्या चित्राला एक्स्पोजर (फोटोत घेतला जाणारा उजेड) थोडं वाढवा, काळोख्या चित्राला थोडं कमी करा. रंगांचा अचूकपणा हवा असेल तर चित्राशेजारी ग्रे कार्ड (ठरावीक करड्या रंगाचं कार्ड) ठेवून एक फोटो काढा आणि पुढे त्यावरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची दुरुस्ती, जुळवा. जाड, चकचकीत तैलरंगांवर पांढरे ठिपके येतच राहिले, तर दोन्ही दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर पोलरायझर (चकाकी गाळणारी फिरती काच) लावून तो फिरवत राहा. एका ठिकाणी चकाकी जवळजवळ पूर्ण जाते.

संगणकावर आल्यावर चित्राच्या कडेपर्यंत कापा. भिंत, इझल, फ्रेम, धरणाऱ्याची बोटं यातलं काही राहायला नको. शिल्प असेल तर मागे साधा करडा पडदा आणि एका बाजूने जास्त उजेड, म्हणजे घडण दिसते. मग फोटो आणि मूळ चित्र शेजारी ठेवून रंग जुळवा. इथे मोह होतो. थोडा लाल वाढवला तर किती उठून दिसेल, असं वाटतं. तसं करू नका. अनेक ठिकाणी दुसऱ्या फेरीत मूळ काम समोर मागवतात आणि फोटोपेक्षा फिकं दिसलेलं चित्र तिथेच बाद होतं.

फाइलबद्दल एक गैरसमज दूर करते. ‘३०० डीपीआय’ (छापताना एका इंचात किती ठिपके) या आकड्याला एकट्याला काही अर्थ नाही. लांब बाजूला ३००० पिक्सेल असतील, तर ३०० च्या हिशोबाने छापल्यावर ती बाजू १० इंच येईल, एवढंच. आयोजक पिक्सेल सांगतात, ते पाळा. लहान फोटो ताणून मोठा करू नका. रंगांसाठी एसआरजीबी (बहुतेक पडद्यांवर चालणारी रंगव्यवस्था) ठेवा. ॲडोबी आरजीबीमध्ये सेव्ह केलेली फाइल काही पडद्यांवर निस्तेज दिसते. मूळ मोठी फाइल वेगळी जपा आणि एन्ट्रीसाठी तिची जेपेग प्रत बनवा. फाइलचं नाव आयोजकांनी सांगितलं असेल अगदी तसंच द्या. नावं झाकून परीक्षण असेल तर फाइलच्या नावात तुमचं नाव नको.

पाठवण्याआधी शेवटची चाचणी म्हणजे तो फोटो टपाल तिकिटाएवढा करून पाहा. परीक्षकांना पहिल्यांदा तो बऱ्याचदा तेवढाच दिसतो. चित्राची मुख्य रचना त्या आकारात टिकते का? टिकत नसेल तर चित्र वाईट ठरत नाही. मात्र या खास स्पर्धेसाठी दुसरं चित्र बरं, हे कळतं.

कोणती चित्रं

तीन पाठवायची मुभा असेल, तर ती एकाच हाताची वाटली पाहिजेत. एक व्यक्तिचित्र, एक अमूर्त आणि एक निसर्गचित्र पाठवलं की आपलं सगळं कौशल्य दिसेल, असं नवख्याला वाटतं. समितीच्या टेबलावर मात्र त्यातून वेगळाच प्रश्न उभा राहतो: या कलाकाराला नेमकं काय करायचं आहे? शिवाय ज्या चित्रावर सर्वांत जास्त महिने गेले, तेच सर्वांत चांगलं असेल असंही नाही. कष्टांचा जिव्हाळा आपल्याला असतो, पाहणाऱ्याला दिसतं ते फक्त चित्र. इथे मी दोन माणसांना विचारते, एक चित्रकार आणि एक चित्रांशी संबंध नसलेला. दोघंही एकाच चित्रापाशी थांबले, की निर्णय होतो.

निवड न होण्याचं एक कारण तुमच्या हातात नसतं. परीक्षक एकेक चित्र निवडता निवडता एक भिंतही रचत असतात. पाच चांगली पावसाळी चित्रं आली, तर त्यातली दोनच लागतात.

फॉर्म, भूमिका आणि किंमत

परिचय तृतीयपुरुषी आणि छोटा ठेवा. प्रदर्शनं झाली नसतील तर काय करता, कोणत्या माध्यमात करता, एवढं पुरे.

कामामागची भूमिका लिहिताना ‘अस्तित्वाचा शोध’, ‘मानवी भावनांचं प्रतिबिंब’ असे शब्द गाळून पाहा. उरलं काही, तर तेच लिहा. ‘माझी चित्रं स्मृतीच्या अवकाशाचा वेध घेतात’ यापेक्षा ‘पाडल्या जाणाऱ्या घरांच्या आतल्या भिंती मी रंगवते, रंग, खिळे आणि कॅलेंडरच्या खुणांसकट’ हे वाक्य वाचून परीक्षक चित्राकडे पुन्हा वळतो.

किमतीत फ्रेम आणि कमिशन दोन्ही धरा. इथे हिशोबाची एक चूक वारंवार होते. कमिशन ४० टक्के आहे आणि तुम्हाला हातात ६० हवेत. बरेच जण ६० वर ४० टक्के चढवून ८४ लिहितात. त्यातून ४० टक्के गेले की उरतात ५० रुपये ४० पैसे. बरोबर रीत म्हणजे ६० ला ०.६ ने भागायचं, किंमत येते १००. आणि एकाच चित्राची किंमत दोन ठिकाणी वेगवेगळी ठेवू नका.

तारखा वहीत चार रकान्यांत लिहा: एन्ट्रीची शेवटची तारीख, निकाल, काम पोहोचवण्याचा दिवस, काम परत नेण्याचा दिवस. शेवटचा रकाना लोक विसरतात आणि मग साठवणीचं शुल्क भरावं लागतं. वहीचा आणखी एक उपयोग म्हणजे एकच चित्र एकाच काळातल्या दोन प्रदर्शनांत अडकत नाही. निवड झाल्यावर ‘ते चित्र आता नाही’ असं कळवणं आयोजकांच्या दीर्घकाळ लक्षात राहतं. शेवटच्या रात्री वेबसाइट अडते, म्हणून दोन दिवस आधी पाठवा.

निवड झाली तर

पाठवलेलं चित्र फोटोतल्यासारखंच हवं. पूर्वी लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत चित्रं भिंतीवर लागल्यानंतरही हात फिरवायला चित्रकारांना दिवस मिळत. १८३२ मध्ये इंग्लिश चित्रकार टर्नरने आपल्या समकालीन कॉन्स्टेबलच्या चित्राशेजारी लागलेल्या आपल्या करड्या समुद्रचित्रात ऐनवेळी लाल ठिपका दिला आणि नंतर त्याची बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) केली, हा किस्सा चित्रकार अजून सांगतात. आज निवडीनंतर असा बदल केलात तर काम परत येऊ शकतं.

मागच्या बाजूला दोन डी-रिंग (डी आकाराच्या कड्या) लावा, वरच्या कडेपासून उंचीच्या साधारण एक तृतीयांश खाली, आणि त्यांत तार ओवा. तार ओढल्यावर फ्रेमच्या वर दिसता कामा नये. दातेरी पट्टीचे हुक अनेक गॅलऱ्या नाकारतात. मागे नाव, शीर्षक, माध्यम, माप आणि वरची बाजू दाखवणारा बाण.

पॅकिंग करताना बबलरॅप थेट रंगाला लावू नका, फुगे पृष्ठभागावर उमटतात. आधी ग्लासीन (गुळगुळीत, न चिकटणारा) कागद, मग बबलरॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. कुरिअरने जाणाऱ्या फ्रेमला काचेऐवजी ॲक्रिलिक शीट चांगली. अपवाद सुक्या पेस्टल आणि कोळशाचा: ॲक्रिलिकवरची स्थिर वीज रंगाची पूड ओढून घेते. तिथे काचच ठेवा आणि शक्यतो स्वतः नेऊन द्या. बंद करण्याआधी चारही कोपऱ्यांचे फोटो काढा. नुकसान झालंच, तर तोच पुरावा असतो.

निवड झाली नाही तर

मन खट्टू होतं, दर वेळी होतं. फेरविचार करा असं पत्र लिहू नका. प्रदर्शन पाहायला मात्र जरूर जा आणि काय लागलं, कसं लागलं, किती मापांची कामं आहेत हे निरखा. मला एका पूर्ण कार्यशाळेइतकं शिक्षण अशा एका फेरीत मिळालं आहे.

अमेरिकन चित्रकार व्हिसलरचं ‘द व्हाइट गर्ल’ १८६२ मध्ये रॉयल ॲकॅडमीने परत पाठवलं, पुढच्या वर्षी पॅरिसच्या सलोन या अधिकृत प्रदर्शनाच्या ज्युरीनेही. १८६३ च्या त्या सलोनमध्ये नाकारलेल्यांची संख्या एवढी मोठी होती, की तक्रारींमुळे सम्राट तिसऱ्या नेपोलियनने त्यांचं वेगळं प्रदर्शन भरवायला लावलं. तिथे फ्रेंच चित्रकार एदुआर माने याच्या ‘गवतावरचं जेवण’ या चित्राबरोबर व्हिसलरचं हे चित्रही लागलं. आज ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. ज्युरी बदलली की निकाल बदलतो, म्हणून एकच चित्र मी किमान तीन वेगवेगळ्या समित्यांकडे पाठवते. तिन्हीकडून परत आलं, तर आधी फोटो पुन्हा काढते, मगच चित्राकडे संशयाने पाहते.

पहाटेचं ते चित्र मी ढगाळ दुपारी अंगणात नेऊन पुन्हा टिपलं आणि दुसऱ्या एका प्रदर्शनाला पाठवलं. त्यात कुंचल्याचा एक फटकाराही बदलला नव्हता. तिथे ते निवडलं गेलं.